बस्यूनी पिंजाऱ्याची पिशवी

आमच्या कफ्र जम्मीज गावात पोरीचं लग्न ठरलं की तिची आई सोनाराच्या आधी बस्यूनीच्या दारात उभी राहायची. "उस्ताद, गुरुवारी या, कापूस आणून ठेवलाय." मग त्या गुरुवारी नवरीच्या अंगणात चटई अंथरली जायची, कापसाचा ढीग पडायचा आणि बस्यूनी खांद्यावरचं पिंजण उतरवून मधोमध बसायचा. तातीवर पहिला ठोका पडला की तो आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा आणि बायका हातातली कामं टाकून टाळ्या वाजवत यायच्या. नव्या गादीवर नवरा-नवरी काय काय करणार याची गाणी म्हणायच्या. गाणी अशी, की ऐकणाऱ्याचे कान तापावेत. बस्यूनी मान खाली घालून कापूस उडवत राहायचा आणि त्याचे कान लाल झालेले दिसले की बायका आणखी चेकाळायच्या. पस्तीसएक वर्षं हा खेळ चालला. गावातल्या जवळजवळ प्रत्येक संसाराची सुरुवात त्यानं भरलेल्या गादीवर झाली होती, पण हे कोणी तोंडावर म्हटलं की तो उठून चहा सांगायला जायचा.

त्याचं स्वतःचं घर मात्र भरलं नाही. आई आधीच गेलेली. बाप गेला तेव्हा बस्यूनी चौदा-पंधराचा आणि बहीण इन्साफ दीड वर्षाची. तिला कापसाच्या ढिगावर निजवून त्यानं बापाचं पिंजण हातात घेतलं. लोक म्हणत, या पोरीच्या नाकातोंडात कापूस जाऊन ती एक दिवस मरेल. ती मेली नाही, उलट अशी तिखट निघाली की सोळाव्या वर्षी तिनं बाजारात एका मासेवाल्याला त्याच्याच तराजूनं बडवलं. तिचं लग्न शेजारच्या गावातल्या रिज्कशी झालं. रिज्क कालव्याची दारं उघडायच्या-मिटायच्या सरकारी नोकरीवर होता. बस्यूनीनं तिच्या गादीत दोन गाद्यांचा कापूस भरला होता. ती गादी घराच्या दारातून आत जाईना, तेव्हा रिज्कच्या भावांनी खिडकीची चौकट काढली. मग उशिरा, चाळिशीच्या जवळ, बस्यूनीनं स्वतः लग्न केलं. बायको शांत होती. मूल झालं नाही, आणि नवव्या वर्षी ती तापानं गेली. त्यानंतर तो दुसऱ्यांच्या अंगणात गाणी ऐकायचा आणि घरी येऊन एकटा भाकर खायचा.

आजार मात्र त्याच्या अंगात शाळेतच शिरला होता. त्या काळी कालव्यात डुंबणाऱ्या पोरांना जंत लागून लघवीतून रक्त जायचं, म्हणून सरकारी माणसं यायची आणि पोरांना रांगेत उभं करून टोचायची. काचेची पिचकारी एक, सुई एक आणि दंड चाळीस. एकाच्या रक्तातलं दुसऱ्याच्या रक्तात गेलं. आमच्या भागात त्या वयाची माणसं मोजायला बसलात तर निम्म्यांची पोटं त्या सुईनं बिघडलेली निघतील. पुढं गोळ्या निघाल्या, बस्यूनीच्या रक्तातला विषाणू गेला, पण तोवर यकृत वाळून खडखडीत झालं होतं. पोटात पाणी भरायचं. एकदा त्यानं अर्ध्या भरलेल्या गादीवर रक्ताची उलटी केली. नवरीच्या आईनं ती गादी जाळली आणि दुसऱ्या गावचा पिंजारी बोलावला.

मन्सूरा शहरातल्या मोठ्या इस्पितळाच्या डॉक्टरांनी सांगितलं, यकृत बदलायला हवं, आणि ते रक्ताच्या नात्यातल्या जिवंत माणसानंच द्यायला हवं. रक्ताच्या नात्यातलं माणूस एकच होतं.

बस्यूनी नाही म्हणाला. महिनाभर नाही म्हणाला. इन्साफनं तपासण्या करून घेतल्या आणि कागद त्याच्या मांडीवर टाकले. "जुळतंय. आता अंगणात बसून मरायचं असेल तर मर, पण मग मी तुझ्या मयताला येणार नाही, सांगून ठेवते." रिज्कला हे मान्य नव्हतं. शेवटी इस्पितळाच्या कागदावर सही करायच्या दिवशी त्यानं बस्यूनीला जिन्यात गाठलं. रिज्क वाईट माणूस नव्हे, पण त्या दिवशी तो वाट अडवून उभा राहिला. "उस्ताद, माझ्या बायकोचं पोट फाडून देतोय मी तुम्हाला. तीन पोरांची आई आहे ती. हे वाया जाता कामा नये. कळलं? वाया जाता कामा नये."

"नाही जाणार," बस्यूनी म्हणाला.

शस्त्रक्रिया चौदा तास चालली. इन्साफच्या यकृताचा उजवा भाग त्याच्या पोटात बसला. ती तीन आठवड्यांत उठून घरी स्वयंपाकाला लागली आणि दोन महिन्यांनी तोही चालत बाहेर आला. मग गावानं जे करायचं ते केलं. रिज्क नवस बोलला होता, त्यानं वासरू कापलं. वासराच्या रक्तात हात बुडवून दोन्ही घरांच्या दारांवर पंजे उमटवले, दृष्ट लागू नये म्हणून. भाकरीवर भात, भातावर मटण अशी परातीनं वाढप झाली, सात गल्ल्यांना ताटं गेली. इन्साफला अंगणात खुर्चीवर बसवून बायकांनी जीभ हलवून आनंदाच्या लकेरी काढल्या. मशिदीच्या कर्ण्यावरून अल्लाचे आभार मानले गेले. पिंजणाला हात लावायचा नाही, कापसाचा कण नाकात जाऊ द्यायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती, तरी बस्यूनी त्या दिवशी सगळ्यांत सुखी माणूस होता. रिज्क प्रत्येक पाहुण्याला त्याच्या पोटाकडे बोट दाखवून सांगत होता, "माझं अर्धं घर तिथं राहायला गेलंय!"

आता आमच्याकडे एकदा का वासरू कापलं, की माणूस बरा झाला. त्याला पुन्हा आजारी पडायची मुभा नसते. आभार मानून झाल्यावर कण्हायला लागणं म्हणजे देवाच्या तोंडावर तक्रार करण्यासारखं, आणि ज्यांनी ते मटण खाल्लं त्यांच्याही. बस्यूनीला खाज सुटली ती या जेवणानंतर तिसऱ्या आठवड्यात.

आधी तळहातांना, मग सगळ्या अंगाला. गादी शिवायच्या दाभणाच्या मुठीनं तो पाठ खाजवायचा. लघवी चहासारखी झाली, डोळ्यांत पिवळेपणा उतरला. तो कोणाला न सांगता मन्सूराला गेला. नळ्या लावून चित्रं काढणारे डॉक्टर नादिर बोलायला मवाळ होते. त्यांनी कागदावर दोन फांद्या काढून दाखवल्या. बहिणीच्या यकृतातून येणारी पित्ताची नळी त्याच्या स्वतःच्या नळीला जिथं जोडली होती, तिथं सांध्यावर वण धरून वाट बारीक झाली होती. पित्त आतड्यात उतरत नव्हतं, मागं तुंबत होतं.

"म्हणजे लिव्हर खराब झालं?" बस्यूनीनं विचारलं.

"लिव्हर झकास आहे. वाट अडलीय. होतं असं पुष्कळांना. वेळ लागेल, पण करू आपण."

त्यातलं त्याला 'अडलीय' तेवढंच ऐकू आलं. डॉक्टरांनी तोंडावाटे तार घालून बघितली, ती सांध्यापलीकडं जाईना. मग उजव्या बरगड्यांमधून सुई घालून थेट यकृतातल्या नळीत एक बारीक रबरी नळी बसवली आणि तिचं दुसरं टोक एका पिशवीत सोडलं. पित्त बाहेर पडायला लागलं तसे डोळे निवळले, खाज गेली. दर तीन आठवड्यांनी येऊन सांधा रुंदवायचा प्रयत्न करायचा, तोवर पिशवी अंगावर.

बस्यूनीनं त्याच दिवशी ठरवलं की इन्साफला हे कळू द्यायचं नाही. नळी निघाली की मग हसत हसत सांगू, तोवर एक शब्द नाही. मनात रिज्कचं जिन्यातलं बोलणं घट्ट बसलं होतं, आणि ते खोडून काढायला त्याच्याजवळ काही नव्हतं.

गावात त्यानं सांगितलं की मन्सूरात स्पंजाच्या गाद्यांच्या दुकानात बैठी नोकरी मिळाली. ज्या स्पंजाला त्यानं आयुष्यभर शिव्या दिल्या, त्याची नोकरी सांगताना त्याची जीभ अडखळली, पण लोकांना खरं वाटलं. पिंजण चालवायची मनाई होतीच. इस्पितळापासून तीन गल्ल्यांवर पाचव्या मजल्यावरच्या गच्चीत त्यानं एक खोली घेतली.

त्या खोलीत तो पाच महिने राहिला. अंगात गलाबिया, म्हणजे सैल पायघोळ अंगरखा, त्याच्या आत कमरेच्या नाडीला पिशवी अडकवलेली. जिने चढता-उतरता नळी ओढायची, म्हणून तो टोपलीला दोरी बांधून खाली सोडायचा. खालचा वाणी टोपलीत भाकरी, चीज, टोमॅटो टाकायचा आणि दोरीला दोन हिसके द्यायचा. बस्यूनी वर ओढून घ्यायचा. पाच महिन्यांत वाण्यानं त्याचं तोंड जवळून चार वेळा पाहिलं असेल. "वरची टोपली" म्हणूनच तो ओळखला जायचा. कधी कधी काही नको असलं तरी बस्यूनी टोपली खाली सोडायचा आणि नुसतं एक लिंबू मागवायचा, ते दोन हिसके हातात यावेत म्हणून.

नमाजाचंही तेच. अंगाला लटकलेली ती नापाक पिशवी घेऊन मशिदीत उभं राहावं की नाही, हे त्याला समजेना. एखाद्या मौलवीला विचारलं असतं तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं, आजारी माणसाला धर्मात सूट असते. पण विचारायचं म्हणजे गलाबिया वर करून दाखवायचं, आणि ते त्याच्यानं होईना. शुक्रवारी तो मशिदीबाहेर चपलांच्या ओळीपाशी उन्हात बसून प्रवचन ऐकायचा. एकदा कोणीतरी त्याला भिकारी समजून हातावर केळं ठेवलं. त्यानं ते घेतलं, खाल्लं, आणि पुढच्या शुक्रवारी गेला नाही.

गुरुवारी इन्साफचा फोन यायचा. त्या वेळेला तो मुद्दाम जिने उतरून कोपऱ्यावरच्या गाद्यांच्या दुकानात जाऊन उभा राहायचा, कारण तिथं शिलाईची यंत्रं घरघरत असायची. ती घरघर फोनमधून तिच्यापर्यंत जावी, एवढीच त्याची हुशारी.

"दादा, जेवलास?"

"जेवलो."

"काय?"

"मुलूखियाच्या पाल्याची भाजी."

"कोणी केली?"

"मालकाच्या बायकोनं."

"पातळ होती का घट्ट?"

बस्यूनी गडबडला. "मध्यम."

"म्हणजे पातळ. मन्सूरावाल्यांना मुलूखिया जमतच नाही. पुढच्या महिन्यात पोरांना सुट्टी लागली की मी येते, दोन दिवस राहते."

"नको, नको. इथं मालक पाहुण्यांना येऊ देत नाही."

"मालक आहे का तुरुंगाचा जेलर?" मागून रिज्कचा आवाज यायचा, "उस्तादांना सांग, आमचा माल जपून वापरा म्हणावं!" आणि दोघं हसायचे. बस्यूनीही हसायचा. फोन ठेवला की दुकानदार विचारायचा, "हाजी, दर गुरुवारी येता, गादी चाचपता, जाता. घ्यायची आहे की नाही?" बस्यूनी म्हणायचा, "कापसाची ठेवत नाही का?" आणि निघून जायचा. पाच मजले चढताना त्याला तीनदा बसावं लागायचं. वर पोचल्यावर त्याला वाटायचं की आपण आत्ताच मेलो तर वाण्याला टोपली खाली न आल्यावरूनच कळेल. ते वाटून तो घाबरायचा नाही, त्याला नुसतं फार एकटं वाटायचं.

खरी अडचण वेगळीच होती. पित्त म्हणजे नुसतं टाकाऊ पाणी नव्हे. रोज पाऊण लिटरभर बाहेर पडलं तर अंगातलं मीठ-पाणी त्याच्याबरोबर जातं. म्हणून इस्पितळातल्या मिस कौसरनं त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ही कौसर म्हणजे ठेंगणी, मोठ्या आवाजाची नर्स, सगळ्या पुरुष रुग्णांना धाकात ठेवणारी. "काका, हे पिशवीतलं स्वच्छ भांड्यात काढायचं, गार करायचं, सरबतात मिसळायचं आणि प्यायचं. नाक दाबून. दिवसातून सहा पेले. जे आतड्यात जायला हवं होतं ते तोंडानं पाठवायचं, दुसरं काही नाही. तोंड वाकडं करायचं नाही, माझ्याकडे दहा जण पितात."

बस्यूनी पहिले चार दिवस प्यायला. जास्वंदीच्या लाल सरबतात ते हिरवट-पिवळं पडलं की डबक्यासारखा रंग व्हायचा. कडूपणा जिभेवर रात्रभर राहायचा. पण कडू औषधं त्यानं पुष्कळ घेतली होती, नुसत्या कडूपणानं तो हरला नसता. प्यायला बसला की त्याला वाटायचं, इन्साफचं यकृत इथं रात्रंदिवस राबतंय, आणि त्याची कमाई पिशवीत गळतेय, आणि मी ती लपवत बसलोय. घशाखाली उतरेना. पाचव्या दिवसापासून त्यानं पिशवी न्हाणीच्या मोरीत रिकामी करायला सुरुवात केली. वर पाणी ओतायचा आणि पाठ फिरवायचा. कौसरनं विचारलं की म्हणायचा, "पितो की."

कौसरला रक्ताच्या कागदावरून शंका यायची. "मीठ कुठं जातंय तुमचं?" ती विचारायची. तो छताकडे बघायचा.

पाचव्या महिन्यात एका मंगळवारी सकाळी, इस्पितळात नंबर लागायची वाट बघत असताना, बस्यूनी बाकावरून खाली कोसळला. शुद्धीवर आला तेव्हा खाटेवर होता, हातात सलाईन, जीभ कोरडी पडून टाळूला चिकटलेली. डॉक्टर नादिर पायथ्याशी उभे होते. त्यांनी आवाज चढवला नाही, पण हसलेही नाहीत. मूत्रपिंडांवर ताण आला होता. पुढच्या आठवड्यात तार पलीकडं न्यायचा आणखी एक प्रयत्न करणार होते, तोही फसला तर पोट उघडून पित्ताची नळी सरळ आतड्याला जोडायची. "पण या अवस्थेत मी तुम्हाला हात लावणार नाही. अंगात पाणी नाही. घरी कोणीतरी हवं, पाजणारं, बघणारं. एकट्या माणसाला मी परत त्या गच्चीवर पाठवणार नाही." आणि ते पुढच्या खाटेकडे गेले.

कौसर कागद आणि पेन घेऊन बसली. "नातेवाईकाचं नाव, फोन."

"कोणी नाही मला."

"कोणीच नाही?"

"बायको गेली. मूलबाळ नाही. एकटाच आहे मी."

कौसरनं पेनाचं टोपण लावलं आणि त्याच्याकडे नीट बघितलं. "काका, मी इथं बारा वर्षं आहे. इथं परक्या माणसाचं लिव्हर बसवत नाहीत, कायदाच आहे तसा. या मजल्यावर ज्याच्या पोटावर हा एवढा वण आहे, त्याला कोणी नाही असं होऊच शकत नाही. तुम्हाला कोणी नाही, तर मग पोटात कुणाचं घेऊन हिंडताय?"

बस्यूनीचा हात पोटावरच्या वणावर गेला. इतकी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नव्हती, याची त्याला लाज वाटली.

"तुम्ही लावता फोन, का मी लावू?"

त्यानं हात पुढं केला. मंगळवार होता, फोनचा दिवस नव्हता. इन्साफनं उचलल्या उचलल्या विचारलं, "काय झालं?" त्याच्या तोंडात पाच महिन्यांचं खोटं तयार होतं, मालक, दुकान, मुलूखियाची भाजी. मागं यंत्रांची घरघर नव्हती, आणि घरघरीशिवाय त्याला खोटं बोलता येईना.

"इस्पितळात ये," एवढंच तो म्हणाला.

दुपारच्या नमाजाआधी ती आली. मिनीबस बदलून, काळ्या अंगरख्यावर धूळ, हातात कापडात बांधलेलं गाठोडं. मागं रिज्क, कालव्याच्या चिखलानं भरलेल्या बुटांसकट. खाटेपाशी येऊन तिनं आधी त्याच्या कपाळाला हात लावला, मग डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली, जशी बाजारात म्हशीची बघतात. मग पांघरूण बाजूला केलं. नळी दिसली. पिशवी दिसली.

"कधीपासून?"

"पाच महिने."

"पाच." तिनं मनातल्या मनात मागं मोजलं. "म्हणजे वासराचं मटण लोकांच्या दातात अडकलेलं होतं तेव्हापासून."

"इन्साफ, ऐक. लिव्हर चांगलं आहे. डॉक्टर म्हणाले, झकास आहे. नुसती वाट..."

"आणि ते गाद्यांचं दुकान?"

बस्यूनीनं पांघरूण परत ओढायला हात घातला.

"आणि मालक? मालकाची बायको? मी तिच्यासाठी तुपाचा डबा भरून ठेवलाय, माणसा! तिच्या पातळ मुलूखियावर मी गल्लीतल्या सगळ्या बायकांना पाच महिने हसवलंय!" तिचा आवाज चढला, तशी शेजारच्या खाटांवरची माणसं इकडं बघायला लागली. "पोर सासरी दिली आणि आजारी पडली तर माहेरी निरोप धाडतात. माझ्या पोटातलं तुझ्या पोटात नांदायला दिलं मी. ते आजारी पडलं तर मला कळवायचं नाही? तुझ्या एकट्याचं आहे का ते? कुणी सांगितलं तुला की एकट्यानं आजारी पडायचं?"

बस्यूनीची नजर दाराकडे गेली. त्यानं नाव घेतलं नाही. पण रिज्कला कळलं. तो कानशिलापर्यंत लाल झाला.

"उस्ताद," तो दारातूनच म्हणाला, "मी तेव्हा घाबरलो होतो. ती आत जाणार होती, मला काही सुचत नव्हतं. तोंडाला आलं ते बोललो. अल्लाची शपथ, दुसऱ्या दिवशी मला आठवतही नव्हतं."

"मला आठवत होतं," बस्यूनी म्हणाला, आणि त्याला रडू फुटलं. चौपन्न वर्षांचा माणूस, खोली माणसांनी भरलेली, तो तोंड न झाकता रडला. बायको गेली तेव्हाही तो इतका रडला नव्हता.

"काय बोललात तुम्ही याला?" इन्साफनं नवऱ्याकडे वळून विचारलं. तो सांगायला लागला तसा तिनं हात वर केला. "नको. आत्ता नको. तुमचं घरी गेल्यावर बघते."

ती खाटेच्या कडेवर बसली. भावाचं रडणं थांबेपर्यंत तिनं त्याच्या पायावर हात ठेवला होता, पण उगी उगी केलं नाही. मग कौसरला म्हणाली, "मिस, आता मला सांगा, काय करायचं असतं याचं?"

कौसरनं सांगितलं. गार करायचं, सरबत घालायचं, सहा पेले. "आणि हे काका पाच महिने मोरीत ओततायत, आत्ताच कबूल केलं. म्हणून ही वेळ आली."

"का ओतलंस?" इन्साफनं विचारलं.

"जात नाही घशाखाली. तू खपून केलेलं, आणि मी ते असं..." त्याला पुढं सांगता येईना. "बघूनच कसंतरी होतं मला."

कौसरनं सकाळी काढून थंड पेटीत ठेवलेलं पित्त आणलं. काचेच्या पेल्यात ओतलं, वर जास्वंदीचं सरबत घातलं. रंग तसाच झाला, पावसानंतर कालव्याच्या कडेला साचलेल्या पाण्याचा. बस्यूनीनं मान फिरवली.

इन्साफनं पेला उजेडात धरून बघितला. वास घेतला. "हे लिव्हरमध्ये तयार होतं ना, मिस?"

"हो."

"म्हणजे माझ्याच घरचं आहे," ती म्हणाली, आणि कोणी काही बोलायच्या आत तिनं पेला तोंडाला लावून एक घोट घेतला.

"अहो, काय करताय!" कौसर ओरडली. "जंतू असतात त्यात! तुम्हाला कोणी सांगितलं होतं प्यायला?" तिनं पेला हिसकावून घ्यायला हात पुढं केला. दारात रिज्कनं डोक्याला हात लावला. इन्साफनं डोळे घट्ट मिटले होते, गाल आत ओढले होते. मान हलवत तिनं तो घोट गिळला आणि तळहातानं ओठ पुसले.

"कडूजहर आहे," ती म्हणाली. "खोटं नाही सांगत. पण मेले नाही मी. आता तू."

बस्यूनीनं तिच्याकडे बघितलं. तिच्या हनुवटीवर एक हिरवट थेंब राहिला होता. त्यानं तिच्या हातातून पेला घेतला, दोन्ही हातांनी धरला. नाक दाबायला हात मोकळा नव्हता. तो प्यायला. मध्ये एकदा थांबला, उमासा आला, पुन्हा प्यायला. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा "शाबास, शाबास" म्हणत होता. त्यालाही दिवसाला सहा पेले होते.

बस्यूनीनं पेला खाली ठेवला आणि श्वास सोडला. इन्साफनं तो उचलून खिडकीकडे धरला. तळाशी बोटभर उरलं होतं.

"आणि हे कोणासाठी ठेवलंस?" ती म्हणाली.

त्यानं तेवढंही पिऊन टाकलं.